बेरीज शून्यवाले मिस्त्री

आमच्या घरमालकांनी पहिल्या भेटीत मला हात मिळवू दिला नाही.

दारव्ह्याच्या एका जीनमध्ये मला कारकुनाची नोकरी लागली होती. जीन म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही उलटलं नव्हतं. पौषाची कोरडी थंडी, अंगात बायकोनं विणलेला लोकरीचा स्वेटर आणि पायांत नवे रबरी तळाचे बूट. बूट मी नोकरीसाठी घेतले होते आणि मला नोकरीपेक्षा बुटांचाच जास्त अभिमान होता. टांग्याच्या गादीवरून घसरत खाली उतरलो, ओट्यावरच्या उंच, पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांकडं पाहून हसलो आणि हात पुढं केला. ते दोन पावलं मागं सरकले.

"पहिले पंपाले हात लावा."

अंगणात हातपंप होता. मला वाटलं, यांच्यात पाहुण्यानं आधी हात धुवायची रीत असावी. मोठ्या आदबीनं गेलो आणि दांड्याला हात लावला. चट्‌ असा आवाज झाला, बोटातून कोपरापर्यंत कुणीतरी दाभण घातला असं वाटलं, आणि मी नव्या मालकासमोर, त्यांच्या बायकोसमोर आणि टांगेवाल्यासमोर "आई गं!" म्हणून ओरडलो.

"हं," ते समाधानानं म्हणाले, "थे आता माह्या अंगावर येनार होतं. आता मिळवा हात."

हे आमचे मिस्त्री. सगळं गाव त्यांना मिस्त्रीच म्हणायचं. नाव होतं, पण ते फक्त मशिदीत आणि मतदारयादीत चालायचं. जीनमधली यंत्रं तीस वर्षं त्यांच्या हाताखाली होती. त्यांच्या घराच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला आलो, आणि त्या दिवसापासून मी जो धक्क्याला लागलो तो पुढं तीन वर्षं धक्क्यातच होतो.

त्याच दिवशीची गोष्ट. आमचा पलंग दारात अडकला. मी बाहेरून जोर लावत होतो, बायको आतून. पंधरा मिनिटं झाली, पलंग तसूभर हलेना. मी घामाघूम. मिस्त्री ओट्यावर बसून कौतुकानं पाहत होते.

"मिस्त्री, जरा हात लावता का?"

"कायले? मस्त चाललं हाय. तुमी अंदर ढकलून राह्यले, सूनबाई बाहेर ढकलून राह्यली. दोघाईचा जोर बराबर. पलंग खुश आहे."

खरंच होतं. बायकोला वाटलं होतं, मला पलंग बाहेर काढून आडवा करायचा आहे. ती आतून म्हणाली, "मग सांगायचं नाही का हो?" मी म्हणालो, "ओरडत होतो ना मी, ढकल ढकल म्हणून!" ती म्हणाली, "ढकलतच होते की."

"भांडू नका," मिस्त्री म्हणाले. "जोर शून्य नाई. जोर दोघाईचा भरपूर हाय. बेरीज शून्य हाय."

हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा यायचं. कुठलीही वस्तू 'स्थिर' आहे, 'पडून' आहे असं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. ओट्यावर सरकीचं पोतं ठेवलेलं असलं आणि कुणी म्हणालं, पोतं इथं पडलंय, की ते उसळायचे. "पडलं नाई बाबू! लढून राह्यलं थे. जमीन खाली ओढते, ओटा वर ढकलते. तुमाले भांडन दिसत नाई म्हनून तुमी त्याले पडलं म्हन्ता." आखाड्यात दोन मल्ल एकमेकांच्या मानेला हात घालून खांबासारखे उभे राहतात, तसा हा सगळा संसार उभा आहे असं त्यांचं मत. विहिरीत टांगलेली बादली, वाशावरचं कौल, खुंटीवरची टोपी, सगळे पैलवान. मी एकदा सुटीच्या दिवशी दुपारी लोळत पडलो होतो. ते खिडकीतून डोकावले आणि बायकोला म्हणाले, "बेटी, याले उठवू नको. खूप मेहनत करून राह्यला."

त्यांचं शिक्षण चौथी उर्दू. पुढचं सगळं एका कव्हर नसलेल्या, वाळवी लागलेल्या शास्त्राच्या पुस्तकातून आणि अंगाला बसलेल्या झटक्यांतून. छातीच्या खिशात एक काळा कंगवा असायचा. तो ते दाढीवरून दहा वेळा फिरवायचे आणि रुईच्या फुलकीसमोर धरायचे. फुलकी टुणकन उडी मारून कंगव्याला चिकटायची, क्षणभर बसायची आणि एकदम लाथ मारल्यासारखी दूर उडायची.

"पाह्यलं? दूर होती तवा वढत होता. जवळ येऊन याचंच खाल्लं, याच्यासारखी झाली, तर आता उभी करत नाई." मग आवाज खाली आणून, "माह्या सख्ख्या भावाचंही असंच हाय."

चाचींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हा कंगवा डोळ्यासमोर नको असायचा. "दाढी घासून घासून अर्धी करून टाकली या मानसानं," त्या आमच्या बायकोला सांगायच्या. "निकाहात केवढी दाट होती!" एकदा मी बायकोला यवतमाळहून नायलॉनची साडी आणली. तेव्हा नवी टूम होती. वाळत घातलेली ती साडी हिनं दोरीवरून ओढली तर ती कडकडली आणि हिच्या हाताला लपेटून बसली, ही घाबरून "कुणीतरी करणी केली हो!" म्हणत आत पळाली. मिस्त्रींच्या कानावर गेलं, तर ते कंगवा घेऊनच आले. "बेटी, थे लुगडं जरा दाखवतं का मले?" चाचींनी मधल्या दारातून झारा फेकला. "दुसऱ्याच्या बायकोचं लुगडं पाहाले चालले! म्हातारे झाले तं लाज गेली का?" झारा खांबाला लागून पडला. मिस्त्री त्याच्याकडं पाहत म्हणाले, "पडला नाई हा..." पुढचं वाक्य चाचींनी पूर्ण करू दिलं नाही.

हे सगळं मी अजून घरात रंगवून सांगतो, पोरं हसतात. पण एक गोष्ट मी बरीच वर्षं सांगितली नव्हती, कारण तिच्यात हसण्यासारखा मीच आहे आणि ते हसू घशाखाली उतरत नाही.

जीनमध्ये आगीची फार दहशत. चोहीकडं रुई, हवेतसुद्धा रुई. त्यामुळं फाटकावर सकाळी प्रत्येक मजुराची झडती व्हायची. विडी, काडेपेटी बाहेर ठेवायची. त्यासाठी भिंतीत लाकडी कप्पे होते, मजुराच्या पितळी बिल्ल्याचा जो नंबर तोच कप्प्याचा. काडेपेटी घेतली की कप्प्यावर खडूनं खूण करायची, संध्याकाळी काडेपेटी परत देऊन खूण पुसायची. हे काम माझं. या कामात काही चूक होऊ शकेल असं ब्रह्मदेवालाही वाटलं नसतं. पण ब्रह्मदेवानं मला पाहिलं नव्हतं.

आम्ही राहायला आल्यानंतरचा दुसरा हिवाळा. त्या दिवशी फाटकाबाहेरचा हॉटेलवाला लग्नाला नेरला गेलेला. मॅनेजरसाहेबांकडं दोन व्यापारी बसलेले. साहेबांनी मला बोलावून दटावलं, "चहाचं काय झालं? पाहुणे घसा कोरडा करून बसलेत." ऑफिसमागच्या पडवीत एक जुना स्टोव्ह होता. खरं तर आवारात काडी ओढायला कुणालाच परवानगी नव्हती. पण झडती मजुरांची व्हायची, बाबूंची नाही. मी फाटकावर गेलो, हाताला आला त्या कप्प्यातून काडेपेटी उचलली, स्टोव्ह पेटवला, चहा केला, काडेपेटी खिशात टाकली. व्यापारी म्हणाले, चहा फक्कड आहे. मी लाजलो.

अर्ध्या तासानं आरडाओरडा झाला. तीन नंबरच्या रेच्याजवळ, म्हणजे जिथं कापसातून सरकी निघते त्या यंत्राजवळ, रुईच्या ढिगाला आग लागली होती. मी पोचेपर्यंत वाळू-पाण्याच्या बादल्या ओतून ती विझलीही होती. पहिल्यांदा ज्वाळ पाहिली ती रेच्यावर कापूस टाकणाऱ्या पार्वताबाईनं. बादली येईपर्यंत तिनं ती नुसत्या तळहातांनी बडवली होती. तिच्या उजव्या हाताला हे एवढाले फोड आले होते.

मॅनेजरसाहेब पहिल्यांदा फाटकाकडं धावले. कप्पे तपासले. सत्तावीस नंबरवर खडूची खूण, आत कप्पा रिकामा. सत्तावीस नंबर पार्वताबाईचा.

"काडेपेटी आत नेली होती तू?"

"म्या सकाळीच देल्ली साहेब. मी विडी नाई पेत. घरच्या चुलीसाठी घेतली होती दुकानातून. बाबूले इचारा ना."

साहेब माझ्याकडं वळले. "दिली होती?"

"दिली होती साहेब."

"मग परत कुणी नेली?"

काडेपेटी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. श्वास घेतला की ती छातीला टोचायची. समोर साहेब, मागं पन्नास मजूर. जेमतेम वर्षाची नोकरी, घरी बायकोला दिवस गेलेले. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं साहेब."

एवढंच. चार शब्द. मी आजवर हजारो शब्द वाया घालवले असतील, पण चार शब्दांत एवढं काम कधी केलं नव्हतं. पार्वताबाईनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिचा बिल्ला तिथंच काढून घेतला गेला. जीनचे मालक आठवड्यानं येणार होते. ते आले की तिच्यावर पोलिसात फिर्याद द्यायची, तोवर कागद तयार ठेवायचा, असं साहेबांनी ठरवलं. कागद लिहायचा कुणी? माझं अक्षर चांगलं.

मिस्त्री तेवढ्यात जळलेल्या जागेपाशी उकिडवे बसले होते. वर बघत होते. ढिगाच्या बरोबर वरून इंजिनाचा मोठा पट्टा जायचा. ते उठून साहेबांपाशी आले.

"साहेब, या बाईनं आग नाई लावली. पट्ट्यानं लावली."

"पट्टा विडी पितो का मिस्त्री?"

सगळे हसले. मीही हसलो. हे सांगताना मला आजही घाम फुटतो, पण हसलो.

घरी ओट्यावर बसून त्यांनी मला समजावलं. पट्टा पुलीला चिकटतो, सुटतो, चिकटतो, सुटतो. दर वेळी सुटताना एकजण दुसऱ्याची थोडी लूट घेऊन पळतो. एकाजवळ जास्त होतं, दुसऱ्याजवळ कमी पडतं, आणि दोन्हीकडं परत बरोबरी व्हावी म्हणून ती लूट तडफडत असते. पावसाळ्यात ओल्या हवेतून हळूहळू निसटून जाते. थंडीच्या कोरड्या हवेत वाट भेटत नाही, साचत जाते, साचत जाते, आणि कुठं जवळ लोखंड दिसलं की उडी मारते. "ठिनगी पाहिजेन ना आगीले? थे पट्टा पैदा करून राह्यला. पंपाजवळ तुमाले बसला होता ना, थोच. हा त्याचा बाप."

"पण मिस्त्री," मी चाचरत म्हणालो, "काडेपेटी गेली कुठं?"

त्यांनी माझ्याकडं पाहत कंगवा दाढीवरून फिरवला. मग म्हणाले, "हे पुस्तकात नाई."

पुढचे दिवस मी फिर्यादीचा कागद लिहीत होतो. पहिल्या कागदावर शाई सांडली. दुसऱ्यावर तारीख चुकली. तिसरा फाटला. मला वाटायचं, मी पार्वताबाईसाठी वेळ काढतोय. खरं म्हणजे मी कुणासाठीच काही करत नव्हतो, फक्त कागद नासत होतो. तिसऱ्या दिवशी बायकोनं धुण्याच्या सदऱ्यातून काडेपेटी काढली आणि चुलीपाशी ठेवली. "हा छाप आपण आणत नाही," ती म्हणाली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं, आणि मी मागितलं नाही.

सातव्या दिवशी मिस्त्री आमच्या दारात आले. "बेटी, लोणच्याच्या चार बरण्या पाह्यजे. रिकाम्या, घासूनपुसून, कोरड्याठन्न."

"कशाला चाचा?"

"तुह्या नवऱ्याले उभं कराचं हाय त्याच्यावर."

बायकोनं पुढं अवाक्षरही न विचारता चारही बरण्या रिकाम्या केल्या. लोणचं परातीत काढताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पाहून मला कळायला हवं होतं. ती चाचींशी बोलली होती आणि चाची मिस्त्रींशी. सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं की सगळ्यांना माहीत आहे.

आठव्या दिवशी सकाळी दहाला मिस्त्रींनी मॅनेजरसाहेबांना पट्ट्यापाशी आणलं. मालक संध्याकाळच्या गाडीनं येणार होते. साहेबांना कसं तयार केलं कोण जाणे. तीस वर्षांत या माणसानं एकदाही काही मागितलं नव्हतं, म्हणून असेल. भोवतालची रुई झाडून काढलेली, वाळूच्या बादल्या मांडलेल्या. मजूर भिंतीला लागून उभे. पार्वताबाईलाही बोलावलं होतं. हाताला चिंधी बांधून ती दाराशी उभी होती. चार चिनी बरण्यांवर एक फळी, अंगातली लूट जमिनीत निसटू नये म्हणून. मिस्त्रींनी माझ्याकडं बोट केलं.

"चढा बाबू."

"मी? मीच का?"

"काहून की तुमी हलके आहा," ते म्हणाले. मजूर हसले. मी चढलो. फळी डुगडुगली, मी दोन्ही हात पसरून सर्कशीतल्या पोरीसारखा उभा राहिलो. मिस्त्रींनी माझ्या हातात एक लोखंडी पट्टी दिली, तिला खिळे ठोकून दात केलेले. "हे दात पट्ट्याच्या जवळ धरा, वीतभर. पट्ट्याले लावू नका. लावसान तं हात वापस मांगाले लागन इंजिनाकडून."

इंजिन सुरू झालं. पट्टा सळसळत धावू लागला. मी दात जवळ नेले. आधी कानाशी कुणीतरी फुंकर मारतंय असं वाटलं. मग हातावरची लव उभी राहिली, मग मान, आणि मग एका बाईच्या तोंडून "अगो माय!" निघालं. माझ्या डोक्यावरचा एकेक केस उभा राहिला होता. आज हे कुणाला पटत नाही, कारण उभं राहायला केसच उरले नाहीत. पण तेव्हा माझ्या डोक्याचं बाभळीचं झाड झालं होतं.

मिस्त्री जमिनीवर उभे होते. त्यांनी पितळेच्या वाटीत स्पिरिटचा बोळा घेतला आणि वाटी माझ्यासमोर धरली. "बोट आना जवळ."

मी बोट नेलं. काड्‌कन आवाज झाला, माझ्या नखातून निळा दोरा निघून वाटीत शिरला आणि बोळा भपकन पेटला. मी किंचाळलो. साहेबांच्या हातातली टोपी खाली पडली. मजूर भिंतीला चिकटले. हातात काडी नाही, विडी नाही, काही नाही, आणि बाबूच्या बोटातून आग निघाली!

मिस्त्रींनी वाटीवर झाकण ठेवलं. "साहेब, हा बारीक मानूस हाय. पट्टा केवढा हाय पाहा. खाली तेल लागलेली रुई, वरतून हे. दुपारची कोरडी हवा."

साहेबांनी टोपी उचलली, पट्ट्याकडं एकदा पाहिलं.

"मानलं मिस्त्री. पट्ट्यानं आग लागू शकते. पण लागलीच, हे कशावरून? सत्तावीस नंबरची काडेपेटी कुठं गेली? ती तर उडत नाही ना गेली?"

मिस्त्रींनी मान हलवली. "बराबर हाय साहेब. इकडं माहा पट्टा, तिकडं एक काडीपेटी. दोघाईचा जोर सारखा. बाई मधात. बेरीज शून्य." मग ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, "कुनी एकानं थोडा हात लावला, तं हलन. मले लावता नाई येत. माह्याजवळ जे होतं थे मी लावलं."

इंजिन चालूच होतं. मी फळीवर. खाली पाय टेकवला तर झटका बसणार, हे ठाऊक होतं. वर राहिलो तर पार्वताबाई संध्याकाळी मालकासमोर आणि सकाळी ठाण्यात. बोललो तर नोकरी. केस उभे, हात पसरलेले, पन्नास माणसं बघतायत. असा मी किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असेल, हा नुसता उभा आहे.

"तू बोल रे आता," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मला पहिल्यांदाच अरे केलं.

"साहेब," मी म्हणालो. "काडेपेटी मी नेली होती. त्या दिवशी दुपारी. चहासाठी."

"कुणाच्या चहासाठी?"

"तुमच्या साहेब. ते दोन व्यापारी आले होते ना."

इंजिनवाल्यानं काय ओळखलं कोण जाणे, इंजिन बंद केलं. पट्टा मंदावत थांबला. साहेबांना तो चहा आठवत असावा. दोन कप घेतले होते त्यांनी. आवारात काडी ओढू नये हा हुकूम त्यांच्याच सहीचा, फाटकावर टांगलेला. ते एकदा माझ्याकडं, एकदा पार्वताबाईच्या चिंधी बांधलेल्या हाताकडं पाहत राहिले. आणि सगळ्यात मोठा धक्का मला तेव्हा बसला: ते माझ्यावर ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "तो कागद आणा." मी फळीवरून उतरलो. पायातून सणसणीत झटका गेला, पण ओरडायचं राहूनच गेलं. चौथ्यांदा लिहिलेला, एकही डाग नसलेला, सुवाच्य अक्षरातला तो कागद मी आणून दिला. त्यांनी तो चार तुकडे करून खिशात घातला. "बाईचा बिल्ला द्या. आठ दिवसांची हजेरी लावा. आणि तुम्ही उद्यापासून फाटकावर बसायचं नाही." एवढं बोलून ते गेले.

बिल्ला माझ्या टेबलाच्या खणात होता. मी तो घेऊन पार्वताबाईसमोर गेलो. वाटेत मी एक वाक्य जुळवलं होतं. चांगलं वाक्य होतं, त्यात माफीसुद्धा होती. ते माझ्या तोंडून निघायच्या आत तिनं डाव्या हातानं बिल्ला घेतला.

"तुमच्या घरासमोरच्या विहिरीवर येतो आम्ही पान्याले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आठ दिवस झाले बाबू. एका हातानं कळशी वढून राह्यली मी. तुमी ओट्यावर उभे राहून दात घासत होते. रोज पाहात होते."

मला वाटलं, मिस्त्री काहीतरी म्हणतील. पडलेल्या झाऱ्यावर ज्यांना बोलायला सुचायचं, ते या वेळी काहीतरी नक्की समजावून सांगतील, जोर, बेरीज, काहीही. आणि मग मजूर हसतील आणि आम्ही सगळे सुटू. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. मग मिटलं. खाली वाकून त्यांनी माझ्या हातातून पडलेली ती दातांची पट्टी उचलली, तिला तांब्याची तार बांधली, आणि शिडी लावून पट्ट्यापाशी चढले. पट्ट्याची सगळी लूट दातांनी वेचून तारेवाटे ओल्या मातीत जिरवायची, असा त्यांचा बेत होता. सबंध जीनमध्ये अशा पट्ट्या लावायला त्यांना पुढं महिना लागला.

शिडीवरून त्यांनी तारेचं दुसरं टोक खाली सोडलं. कुणीतरी ते ताणून धरायला हवं होतं. मी सगळ्यांत जवळ उभा होतो. मी हात पुढं केला.

"पार्वताबाई," मिस्त्री वरून म्हणाले, "हे धरता का जरासं?"

तिनं बिल्ला कमरेला खोचला आणि चांगल्या हातानं तार धरली. मिस्त्री ठोकू लागले. मी हात तसाच पुढं धरून थोडा वेळ उभा राहिलो, आणि मग बायकोच्या बरण्या गोळा करायला लागलो.